प्रश्न खाली उतरतो तेव्हा

आमदार झाल्याशिवाय कळत नाही, की विधानसभेतला प्रश्न आधी कागदावर विचारायचा असतो. सभागृहात उभं राहून हातवारे करायचे ते नंतर, आणि तेही नंबर लागला तर. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी प्रश्न लिहून पाठवावा लागतो आणि त्याची एक ठरलेली बोली आहे. अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय. असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली. नसल्यास विलंबाची कारणे काय. सरकारचं उत्तरही तितकंच ठरलेलं. हे खरे आहे, हे अंशतः खरे आहे, किंवा हे खरे नाही. एकदा ‘हे खरे नाही’ छापून आलं की खालच्या सगळ्या पोटप्रश्नांपुढे एकच वाक्य येतं: प्रश्न उद्भवत नाही. अमरावतीच्या कॉलेजात मी बरीच वर्षं समाजशास्त्र शिकवलं, पण एवढ्या कमी शब्दांत एवढी माणसं नाहीशी करण्याची कला मला कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती.

मी सांगतेय त्या प्रश्नाचं मूळ माझी थोरली बहीण. तिनं तो मला दिला नाही, फेकून मारला.

ताई नर्स आहे. वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते, आम्ही दोघी तिथल्या क्वार्टरमध्ये वाढलो, आणि वडील गेल्यावर ताईच्या पगारावर माझं शिक्षण झालं. तिची नेमणूक अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात, एका ग्रामीण रुग्णालयात होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. नावं लिहिल्यानं काय होतं ते या प्रकरणात मी पुरेसं पाहिलं आहे. खारपाणपट्टा म्हणजे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा मुलूख, जिथलं जमिनीतलं पाणी खारट. त्या पाण्यात तुरीची डाळ धड शिजत नाही, नवीन सुनेला पहिले काही दिवस चहासुद्धा गोड लागत नाही. वर्षानुवर्षं ते पाणी पिणाऱ्यांच्या किडन्या जातात. डॉक्टर म्हणतात, पाण्यामुळेच जातात असं ठामपणे सांगता येत नाही. लोक म्हणतात, मग कशामुळे जातात ते तुम्ही ठामपणे सांगा.

किडनी निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागतं. यंत्रातून रक्त धुऊन घ्यावं लागतं. ताईच्या रुग्णालयात ती यंत्रं आली. फीत कापली गेली. कापणाऱ्यांमध्ये मीही होते आणि माझा फोटो चांगला आला होता. पण डायलिसिसला अगदी शुद्ध पाणी लागतं, आणि ज्या पाण्यानं माणसांच्या किडन्या गेल्या त्याच पाण्यानं शुद्धीकरणाच्या संचाचे फिल्टरही बाद केले. तंत्रज्ञ सोडून गेला, दुसरा आला नाही.

मला हे काही माहीत नव्हतं. एकदा दौऱ्यावरून परतताना ताईकडे जेवायला थांबले, तर भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, “तू आमदार काऊन झाली वं?”

“म्हणजे?”

“त्या मशिनीवर चादरी टाकून ठेवल्या आमी. पेशंट सकाळच्या यष्टीनं अकोल्याले जाऊन राहिले. येतानी जागा भेटत नाई तर तेवढ्या अशक्तपणात उभ्यानं येतात. अन् तू तिकडं आरोग्यावर भाषणं देऊन राहिली. फेसबुकवर पाह्यतो ना आमी.”

राग आला तो तिचा की माझा, कळलं नाही. मी म्हटलं, “ताई, मी तारांकित प्रश्न टाकते.” तारांकित म्हणजे ज्याला मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, तो प्रश्न. ताईला त्या शब्दाचं काही कौतुक वाटलं नाही. तिनं आणखी एक भाकरी वाढली.

अकोल्याच्या माझ्या कार्यालयात स्वीय सहायक आहेत, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. मी मसुदा केला होता, ‘खारपाणपट्ट्यातील अनेक ग्रामीण रुग्णालयांत डायलिसिस सेवा बंद असल्याचे’ वगैरे. त्यांनी चष्मा वर केला. “मॅडम, मोघम प्रश्न परत येते. एक ठिकाण पकडा अन् ठासून इचारा.” त्यांचं बरोबर होतं, नियमच तसा आहे. मी ताईच्या रुग्णालयाचं नाव घातलं. यंत्रं बंद आहेत हे खरे आहे काय. मला वाटलं, आता मंत्री कचाट्यात सापडले.

प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. माझा पहिल्या काही प्रश्नांत लागला. ज्यांचे प्रश्न वर्षानुवर्षं वर येत नाहीत, त्यांचेही अभिनंदनाचे फोन आले. कार्यालयात पेढे वाटले गेले. पेढा तोंडात असतानाच ताईचा फोन आला.

“तू माह्या दवाखान्याचं नाव टाकलं?”

“टाकावंच लागतं. का, काय झालं?”

“काय होते? तुया प्रश्न माह्या टेबलावर आला.”

प्रश्न मुंबईला पाठवला की तो मंत्र्याकडे जातो एवढंच आपल्या डोक्यात असतं. मंत्र्याला काय माहीत, कुठल्या गावात कुठलं यंत्र चालू आहे? तो प्रश्न मंत्रालयातून संचालनालयाला, तिथून अकोल्याच्या उपसंचालकांना, तिथून जिल्ह्याला, आणि जिल्ह्यातून रुग्णालयाच्या अधीक्षकांना, असा पायरी पायरीनं खाली उतरतो. प्रत्येक पायरीवर त्याला ‘अतितातडीचे’ असा शेरा मिळतो. शेवटी तो येतो त्या माणसापुढे, ज्याच्या खाली आणखी कोणी नाही. डायलिसिस कक्षाची प्रभारी परिचारिका माझी बहीण होती. जिनं मला विचारायला सांगितलं, तिच्याकडेच सरकार उत्तर मागत होतं.

“आता का लिवू, सांग,” ती म्हणाली.

“खरं आहे ते लिही.”

“तुले सोपं हाय. सर म्हणून राहिले, ‘कार्यान्वित आहेत’ असं लिवा. बंद हायत म्हटलं, तर वरून पयला सवाल येईन का प्रभारी कोण? म्हणजे मी. इतके दिवस बंद होत्या तं तुमी काय करून राहिल्या होत्या?”

“तू वर कळवलं होतंस ना?”

“दहादा कळवलं. तोंडी.”

तोंडी. आमच्याकडे साहेबाला लेखी कळवणं म्हणजे साहेबाशी भांडण काढणं. सगळं तोंडी चालतं, समजुतीनं चालतं, आणि निस्तरायची वेळ आली की समजूत कोणाच्याच कपाटात सापडत नाही. ताईच्या निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. एवढ्यात चौकशी लागली तर निवृत्तिवेतन अडकतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

दोनेक दिवसांनी तिनं सांगितलं की सरांनी, म्हणजे अधीक्षकांनी, अकोल्याहून कुठला तरी मेकॅनिक आणून यंत्रांचे दिवे लावले. एका खाटेवर शिपायाला झोपवलं, त्याच्या दंडाला नळी चिकटवली आणि फोटो काढला. शिपायाला हसू आवरेना, म्हणून फोटो तीनदा काढावा लागला. ताई हे सांगताना हसली नाही. मी विचारलं, “तू काय लिहिलंस?” ती म्हणाली, “पेशंट आले, ठेवते,” आणि फोन बंद झाला. त्यानंतर ती माझे फोन घेईना.

हिवाळी अधिवेशन नागपूरला. आमदार निवासातल्या खोलीत मी आठवडाभर धड जेवले नाही. ताईनं ‘खरे आहे’ लिहिलं असेल तर तिच्यावर बालंट येणार. ‘खरे नाही’ लिहिलं असेल तर मंत्री तेच वाचणार, आणि मी गप्प बसले तर सकाळच्या एसटीतली ती माणसं तशीच उभ्यानं येत राहणार. गप्प बसले नाही, तर खोटी माहिती दिली म्हणून पकडलं जाणार कोण? पुन्हा तीच. कसंही फिरवलं तरी काटा तिच्यावरच येऊन थांबत होता. प्रश्न मागे घ्यायचा विचारही मनात आला. पण मागे घेतला तर का घेतला हे पत्रकार शोधणार, आणि पहिल्याच फोनमध्ये त्यांना आमचं नातं सापडणार. आमदारबाईंनी बहिणीला वाचवलं. ती बातमी मला डोळ्यांपुढे छापलेली दिसायची.

प्रश्नाच्या दिवशी सकाळी छापील उत्तर हातात पडलं. (१) हे खरे नाही. प्रभारी परिचारिकेच्या अहवालानुसार यंत्रे कार्यान्वित आहेत. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

प्रभारी परिचारिकेच्या अहवालानुसार. मी ते चार-पाच वेळा वाचलं. म्हणजे ताईनं लिहून दिलं. मला वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, त्याहून जास्त तिचा राग आला. मग लगेच रागाचीच लाज वाटली. तिच्या जागी मी असते, तर मी तरी काय लिहिलं असतं?

शेजारच्या बाकावर आमच्याच भागातले एक ज्येष्ठ सदस्य बसतात. त्यांनी माझ्या हातातलं उत्तर वाचलं आणि खूश झाले.

“मॅडम, लॉटरी लागली तुमाले. सभागृहाले खोटी माहिती! सरळ हक्कभंग टाका. दोघं-तिघं निलंबित झाले का मतदारसंघात तुमचीच हवा.”

“मला निलंबन नको आहे, यंत्रं सुरू व्हायला हवीत.”

ते म्हणाले, “मंग लोकायले दाखवान काय?”

तेव्हा मला नीट कळलं, या सभागृहात प्रश्न सुटला हे ओळखायचं कसं. यंत्र सुरू झाल्याचा आवाज मुंबईत किंवा नागपुरात ऐकू येत नाही. निलंबनाचा ऐकू येतो.

माझा क्रमांक पुकारला गेला. मंत्र्यांनी उत्तर वाचलं आणि ते खाली बसले. मी उभी राहिले. समोरचा माइक दोन्ही हातांनी धरला. रात्रभर घोकून मी एक वाट काढली होती. खोटं कोण बोललं, कोणी लिहिलं, यातलं काहीच विचारायचं नाही. फक्त एक साधी माहिती मागायची.

“अध्यक्ष महोदय, मला कोणावरही कारवाई नको आहे. मंत्रिमहोदयांनी एवढंच सांगावं, की या यंत्रांवर गेल्या महिन्यात किती रुग्णांचं डायलिसिस झालं?”

मंत्र्यांनी फाइल उलटली. मग पुन्हा उलटली. अधिकाऱ्यांच्या कक्षातून एक चिठ्ठी आली, तिच्यामागून दुसरी आली. सभागृहात हसू पसरायला लागलं. मला वाटलं, जमलं. आता ते म्हणतील, माहिती घेतो, सेवा सुरू करतो, आणि गोष्ट ताईच्या डोक्यावरून निघून जाईल.

तेवढ्यात शेजारचे ज्येष्ठ उठले. “अध्यक्ष महोदय, हे सभागृहाची दिशाभूल आहे! निलंबित करा!” मागच्या बाकांवरून तोच ओरडा झाला. मी त्यांचा सदरा ओढला. त्यांना वाटलं मी शाबासकी देतेय. ते आणखी जोरात ओरडले.

मंत्र्यांचा चेहरा एकदम सैल झाला. मी तो चेहरा विसरणार नाही. अडचणीच्या प्रश्नातून बाहेर पडायचा सोपा दरवाजा त्यांना आमच्याच लोकांनी उघडून दिला होता. ते उठून म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी मी सहमत आहे, पंधरवड्यात सेवा सुरू केली जाईल, आणि चुकीचा अहवाल देणाऱ्या प्रभारी परिचारिकेला निलंबित करून चौकशी करण्यात येईल.

बाकं वाजली. दोन्ही बाजूंची. माझ्या अभिनंदनासाठी.

“अध्यक्ष महोदय, माझं म्हणणं ऐका, त्या परिचारिकेचा...” एवढं मी बोलले. अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला होता आणि माझा माइक बंद झाला होता. त्या गोंधळात मी तोंडानं काय म्हणत होते, ते शेजारच्यांनाही ऐकू गेलं नसेल. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. संन्याशाच्या घरात मी जेवलेली असेन, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

बाहेर लॉबीत मी मंत्र्यांना गाठलं. म्हटलं, “तुम्ही चुकीच्या बाईला निलंबित केलंत.”

“मग बरोबर कोण?” त्यांनी शांतपणे विचारलं.

मी अधीक्षकांचं नाव घेतलं, फोटोची गोष्ट सांगितली.

“तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

सांगणारी कोण हे सांगितलं असतं, तर तिच्या आरोपपत्रात आणखी एक कलम वाढलं असतं. मंत्री म्हणाले, चौकशीत सगळं निघेल मॅडम, आणि दुसऱ्या कोणाशी बोलायला वळले.

अकोला स्टेशनवर माझ्यासाठी हार आणि फटाके होते. गाडी बडनेऱ्याला थांबली तेव्हाच उतरून कुठेतरी निघून जावं असं वाटलं होतं, पण उतरून जाणार कुठे? तिथलं क्वार्टर आता दुसऱ्या कोणाचं आहे. घरी आल्यावर ताईला फोन लावला. तिनं उचलला नाही. लावत राहिले. मग भाऊजींनी उचलला आणि म्हणाले, “सध्या नका बोलू तिच्याशी.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, त्यामुळे जास्त लागलं.

पंधरवड्यात खरोखरच सेवा सुरू झाली. नवा संच आला, गोड्या पाण्याचे टँकर ठरले, तंत्रज्ञ आला. माझ्या कार्यालयानं पोस्टर केलं. मी ते लावू दिलं नाही. स्वीय सहायक दिवसभर फुगून बसले.

त्यानंतर मी ताईकडे गेले. गाडी चौकातच थांबवली आणि चालत गेले. भरदुपारी ती ओसरीवर तूर पाखडत बसली होती. एरवी या वेळेला तिला घरात कधी पाहिलं नव्हतं. अंगावर युनिफॉर्म नसलेली ताई थोडी परकी वाटली. तिनं पाणी दिलं. मग पुन्हा सूप हातात घेतलं.

“मशिनी सुरू झाल्या म्हणते,” तीच म्हणाली. “काल दोघंजण घरी येऊन सांगून गेले. बरं वाटलं.”

“ताई, तू लिहून का दिलंस?”

तिचं सूप थांबलं. “काय लिवून देलं?”

“उत्तरात छापलं होतं. प्रभारी परिचारिकेच्या अहवालानुसार यंत्रं कार्यान्वित आहेत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मी लहानपणी हरवलेली वस्तू घरातच असायची, तेव्हा बघायची तसं.

“मी ‘हे खरे आहे’ असं लिवलं,” ती म्हणाली. “तुनंच सांगतलं होतं ना, खरं लिही म्हणून. सर लय चिडले. म्हणाले, ठीक हाय, मी पाह्यतो. वर काय गेलं, मले काय माहीत? मले तं ते छापलेलं कोणी दाखवलंच नाई.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “तुले काय वाटलं होतं? म्या खोटं लिवलं?”

मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागले. ती समजली. पुन्हा पाखडायला लागली, फक्त जरा जोरात.

मी घाईघाईनं बोलायला लागले. म्हटलं, हे तर फार गंभीर आहे. अहवाल वरच्या पायरीवर बदलला गेला. मी हे सोडणार नाही. येत्या अधिवेशनाचे प्रश्न आजउद्याच पाठवायचे आहेत, मी पुन्हा तारांकित टाकते. परिचारिकेचा अहवाल बदलण्यात आला, हे खरे आहे काय. आता पुरी तयारी करून जाईन, कोणाला मधे बोलू देणार नाही. बोलता बोलता माझा आवाज सभागृहातल्यासारखा चढला होता. समोरच्या घरातली बाई दारात येऊन ऐकू लागली.

ताईनं सूप खाली ठेवलं.

“नको टाकू.”

“का नको? तुझी नोकरी आहे ही. तुझं सगळं अडकून पडलंय.”

“तुया प्रश्न मुंबईले जाईन, तिथून अकोल्याले येईन, अन् सर तो त्याच टेबलावर आणून ठेवतीन. लिवा म्हणतीन.” तिनं पदरानं हातावरची धूळ पुसली. “माह्या जागी नवी पोरगी आली हाय. कंत्राटावर. तेल्हाऱ्याकडची हाय, नुकतंच लगीन झालं तिचं. ते बी कोणाची तरी बहीणच असन ना.”